दूर्वा खुडणं म्हणजे गवतात बसणं नव्हे

वाराणसी,
श्रावण वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप लतिकावन्संना,

पंचगंगा घाटावरून सुरेखाचा वाकून नमस्कार. (गुडघे गेल्यापासून मला वाकता येत नाही, पण कागदावर वाकायला गुडघे लागत नाहीत.) तुमची प्रकृती कशी आहे हे मी विचारणार नाही. गेल्या दिवाळीत विचारलं तेव्हा चार पानी उत्तर आलं, आणि त्यातली तीन पानं माझ्या घराच्या प्रकृतीविषयी होती. काशीहून परतल्यावर दहाव्या दिवशी तुम्हाला ताप भरला, अकरा दिवस इस्पितळात काढले, आणि हे सगळं माझ्या घरातल्या घाणीमुळे झालं, असं त्यात लिहिलं होतं. त्यावर मीही गप्प बसले नाही. ताप गाडीतल्या शिळ्या उपम्याचा आहे आणि कंबरेवर जो काळा खपलीचा डाग पडलाय तो परकराची नाडी वयाला न शोभेलशी आवळल्याचा आहे, असं मी कळवलं. तेव्हापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, व्हॉट्सॅपवर मला बंदी घातलीत, आणि पुढल्या महिन्यात यांच्या श्राद्धाला येणार नाही, यंदाच नव्हे तर कधीच येणार नाही, असं तुमच्या शरदकरवी कळवलंत. सख्ख्या भावाला पुण्यातूनच हात जोडणार म्हणे. जोडा. टपालखातं बाकी सगळं पोचवतं, नमस्कारही पोचवेल.

हे पत्र तुमचं मन वळवायला लिहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करते. सरकारी पाहणीत माझा जो अपमान झाला तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे, आणि वडीलधारं म्हणून आता तुम्हीच उरलात, त्याला माझा इलाज नाही.

झालं असं की आषाढात आमच्या मोहल्ल्यात रक्त घेणारी मंडळी आली. कोणाला ताप नाही, खोकला नाही, तरी रक्त. गोचिड्या, पिसवा आणि त्यांच्या गोतावळ्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे माणसाला चावून जे जंतू देतात, ते आजवर कितीजणांना लागून गेले याची मोजदाद करायची होती. म्हणजे आज आजारी कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. पूर्वी कोण नकळत चावून घेऊन बसलं, ते रक्ताला विचारायचं. (माणूस नाही म्हणाला तरी रक्त हो म्हणतं, अशी ही विद्या. नवरे मंडळींसाठी काढली असती तर जास्त उपयोग झाला असता.) फॉर्म भरायला आली गीता. ही बिंदुमाधवाच्या देवळापाशी राहतात त्या वेणीमाधव गुरुजींची नात. मराठी आहे, म्हणजे वाक्याचा शेवट मराठीत करते.

चौतीस प्रश्न होते. घरात उंदीर दिसतात का? मी म्हटलं, एक आहे, पितळेचा, गणपतीच्या पायाशी. कुत्रं, गाय, शेळी? नाही. जमिनीवर झोपता का? तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवलेल्या बाईला हे विचारतात. गवतात बसता किंवा काम करता का? कधीच नाही. जबलपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर रोज सकाळी आमची नखं तपासायच्या, अकरा वर्षांत मला एकदाही परत धाडलं नाही, हेही लिहून घे म्हटलं. त्याला रकाना नव्हता. मग तिने तीनदा सुई टोचून एकदा रक्त काढलं आणि गेली.

श्रावण लागला आणि निकालाचं कार्ड आलं. स्क्रब टायफस नावाच्या तापाचा पुरावा माझ्या रक्तात सापडला. समोरचा दिनानाथ, जो म्हशींच्या गोठ्यात झोपतो, त्यांच्या गोचिड्या हाताने उपटतो आणि त्याच हाताने दूध मोजतो, त्याचं रक्त गंगोत्रीसारखं निर्मळ. आपलं कार्ड त्याने गल्लीभर फिरवलं, आणि माझ्या दारात येऊन, माताजी, घबराइए मत, भैंस का ताज़ा दूध पीजिए, असा सल्ला दिला.

मी तडक पाहणीच्या डॉक्टरांकडे गेले. नळ्यांची अदलाबदल झाली आहे, माझी नळी गोठ्यात आणि गोठ्याची नळी माझ्या नावावर गेली आहे, असं लेखी दिलं. डॉक्टर पोरसवदा पण सभ्य. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच आलं. तुम्ही आज आजारी नाही, म्हणाला, पण वर्ष-दोन वर्षांत कधीतरी हलकासा ताप येऊन गेला असेल, त्याची ही खूण. मग त्याने सगळं समजावलं. उंदरांचा वावर असलेल्या गवतात हा किडा असतो, चावल्याचं कळतसुद्धा नाही, आठ-पंधरा दिवसांनी जोराचा ताप येतो, आणि चावा बहुधा कपडा घट्ट बसतो अशा जागी, कंबरेशी, नाडीखाली. तिथे काळी खपली धरते. तो ‘नाडीखाली’ म्हणाला तेव्हा मला एकदम छत्री बाहेर राहिल्याची आठवण झाली आणि मी उठले. (छत्री हातातच होती.)

परवा संकष्टी होती. एकवीस दूर्वांच्या एकवीस जुड्या बाजारातून आणणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुम्ही जाणता. सकाळीच पाठशाळेमागच्या मोकळ्या बखळीत गेले. गुडघ्यांमुळे उकिडवं बसवत नाही, तेव्हा सतरंजीचा तुकडा टाकून ऐसपैस बसले होते. तेराव्या जुडीला गीता दोन माणसांना घेऊन उंदरांचे पिंजरे लावायला तिथे हजर. माझ्याकडे बघतच राहिली.

“आजी, फॉर्म में तो आपण ‘कधीच नाही’ लिहवलंय.”

“मी गवतात बसलेली नाही. दूर्वा खुडते आहे.”

“बैठूनच ना?”

“ही पूजेची तयारी आहे. तुझ्या चौतीस प्रश्नांत पूजेचा प्रश्न नव्हता.”

मला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. पिंजरा खाली ठेवून म्हणाली, “हमारी आजी पण इथूनच तोडते. तिनेही ‘कधीच नाही’ सांगितलंय.”

मग हळूहळू उलगडलं. मोहल्ल्यात आम्ही आठ मराठी म्हाताऱ्या. आठहीजणींनी गवताशी आपला काडीचा संबंध नसल्याचं ठासून सांगितलं होतं, आणि पाचजणींच्या रक्तात पुरावा निघाला होता. डॉक्टर बिचारा तीन आठवडे डोकं खाजवत होता की हा किडा फक्त मराठी बोलणाऱ्यांनाच घरात शिरून चावतो की काय. त्यावर मोठा लेख लिहायच्या तयारीत होता म्हणे. आम्ही कोणी खोटं बोललो नव्हतो, वन्सं. गवत म्हशी खातात. दूर्वा देवाला वाहतात. दोन्हींत गल्लत करणाऱ्याने आधी धर्म बघावा.

मग गीताने विचारलं, तुमच्याबरोबर इथे आणखी कोणी बसलं होतं का. नाही म्हणता आलं असतं. साक्षीदार म्हणजे एक उंदीर, तोही पिंजऱ्याबाहेर, आतल्या भज्याचा वास घेत. पण तीस वर्षं मुलींना प्रयोगाच्या वहीत खोटा निकाल लिहू दिला नाही, आता या वयात काय सांगू. म्हटलं, होतं. पुण्याच्या पाहुण्या. गेल्या भाद्रपदातली वद्य चतुर्थी, श्राद्धाच्या आदल्या दिवशी. नंतर ताप? परतल्यावर दहाव्या दिवशी. काळा डाग? होता. कुठे? सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. ‘कधीच नाही’ हे उत्तर मी माझ्या हाताने खोडलं आणि शेजारी सही केली.

बाकी सर्व क्षेम. पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलंय, ओसरलं की गाळ काढणं सुरू होईल. थोरांना नमस्कार लिहायची सोय नाही, कारण तुमच्याहून थोर तुमच्या घरात कोणी नाही, आणि हे शरदची बायको मला नेहमी सांगते.

आपली,
सुरेखा

ता. क. तुमचं बरोबर होतं असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून खात्री करावी. तुम्ही माझ्या घराला दोष दिलात. बखळ पाठशाळेची आहे.

ता. क. २. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे. तुमचंही रक्त तपासून हवंय, पुण्यात चालेल. निकालात आकडा येतो, तो त्यांना कळवा आणि मलाही. माझ्यापेक्षा मोठा निघाला तर मी निमूट ऐकून घेईन. पुन्हा कधी ताप आला तर पहिल्याच दिवशी ही चिठ्ठी दाखवा, पुन्हा अकरा दिवस इस्पितळात काढू नका. नाडीविषयीचं माझं विधान मागे घेतलं आहे.

ता. क. ३. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, “सुरेखा, कमरेत उसण भरलीय, आज बाजारातून आण की जुड्या.” आणि मी म्हटलं होतं की बाजारच्या दूर्वांना कोणाकोणाचे हात लागलेले असतात. सतरंजी मी घेतली आणि तुम्हाला नुसत्या गवतावर बसवलं. हे फॉर्मात विचारलेलं नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

ता. क. ४. गच्चीवर टेबल टाकून चार कुंड्यांत दूर्वा लावल्या आहेत. खुर्चीत बसून खुडता येतात. खुर्च्या दोन ठेवल्या आहेत, पाठ असलेली तुमची. श्राद्ध पंचमीला आहे, चतुर्थीपर्यंत पोचलात तर जुड्यांना हात लागेल, एकटीने एकवीस होत नाहीत. हे पत्र शरदला मोठ्याने वाचायला लावू नका.