आठव्या महिन्याची बरणी

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवसभर करतेस तरी काय, असं विचारलंस. गाभण गायींच्या पोटात वासराला पोसणाऱ्या वारेचे पातळ काप करते, रंगवते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते. रक्तातून संप्रेरक येतं, म्हणजे एक निरोप. तो घेणारे ग्राही पेशींत असतात. ते असतील तिथे तपकिरी रंग चढतो. कुठल्या महिन्यात किती, ते मोजायचं. आठवा महिना तेवढा राहिलाय. कत्तलखान्यातला माझा माणूस प्रत्येक बरणीला गायीच्या कानातला बिल्ला बांधून देतो, पण इतकी भरलेली गाय तिथे कोण धाडणार?

तांबू कशी आहे? साथीत सगळा गोठा गेला, ती एकटी उरली. बाबा अंथरुणातून तिच्याच वासराची वाट बघताहेत. तिला जप, स्वतःलाही.

तुझी,
ठकी

ता. १९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तांबू ठीक आहे. आपली फरशी फार निसरडी झालीय, म्हणून तिला शेजाऱ्यांकडे ठेवलंय. तिचा आवाज का येत नाही, म्हणून बाबा सारखे विचारतात. वासराचं नाव तूच ठेवायचंस म्हणे. गायीच्या पोटातले निरोप वाचतेस आणि माझ्या पत्राला मात्र पंधरा पंधरा दिवस उत्तर नाही, शहाणीच आहेस. इकडे यायची घाई करू नकोस.

तुझा,
दादा

ता. २४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा आठव्या महिन्याची बरणी आली. बिल्ला ४१७. तीनदा पुसून वाचला. तो मारताना मी तांबूची मान धरली होती आणि तू बोट चेचून घेतलं होतंस. तुला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. फरशीचं तेवढं खरं लिहून गेलास.

मी काप केले. रागाव हवं तर. रंग जिथे चढायला हवा तिथे नीट चढला. तिच्यात काही खोट नव्हती, दादा. महिन्याभरात व्याली असती. पोटात कालवड होती, असं तो माणूस म्हणाला. मला फार रडू आलं.

बाबांना काय सांगायचं, ते तूच ठरव.

तुझी,
ठकी

ता. २ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

घसरली, खुबा निखळला. चार दिवस उठवत होतो. शेवटी डॉक्टरांनीच मान हलवली. गाडीत चढवताना माझ्याकडे बघत होती. ती तुझ्या टेबलावर पोचेल, हे डोक्यातच आलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी जेवण सोडलं होतं. मी सांगून टाकलं, तांबू व्याली, कालवड झाली. दोन घास जेवले. किती महिन्यांनी हसले.

आता रोज सकाळी उशीला टेकून बसतात आणि म्हणतात, आण, दाखव.

माया आहेच, कमी करू नकोस.

तुझा,
दादा