नळी तेवढी बांधतात

४ जानेवारी
...शेण उचललं, डेअरीला दूध घातलं, चुलीवर पाणी ठेवलं, तेवढ्यात गुरांचे डॉक्टर खच्चीकरणाचा चिमटा घेऊन आले. हे खोंडाच्या मानेशी बसलेले. म्हणाले, "तू आत जा." मी गेले नाही, दाव्याचं टोक धरून उभी राहिले. चिमटा मिटला. रक्ताचा थेंब नाही. खोंड एकदाच हंबरला, आणि त्या दिवसापासून तो बैल झाला.
आज गोठा झाडताना ही सगळी सकाळ पुढं आली. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण गोठ्यात शिरलं की दाव्याचं दुसरं टोक अजून त्यांच्याच हातात असतं.
आठवण उगीच आली नाही. काल माझा लेक दत्ता बायकोवर खेकसला, "मला काय खोंड समजलीस व्हय?"

६ जाने.
सून कविताची दोन्ही बाळंतपणं सिझरची. धाकटीच्या वेळी हातची जात होती. हृदयाची झडप नाजूक निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तिसरं मूल नको, आणि हिला भूल देऊन ऑपरेशनही नको. नवऱ्याची नसबंदी करा. दत्ता ऐकेना. मागच्या महिन्यात पाळी चार दिवस लांबली तर पोरीनं जेवण सोडलं. भीतीनं.
आज शिवाजी भावजी ओट्यावर. ह्यांचे धाकटे भाऊ, जिभेला हाड नाही. "वहिनी, पोराचा बैल करता का आता? उसाची मोळी कोन उचलील?"
दत्ता हसला नाही. मान खाली. म्हणजे काटा तिथंच आहे.

८ जाने.
शेजारच्या ऋतुजाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. "आजी, विज्ञान कशाला तुमाला?" "वाचायला."
चित्र बघून आधी पदर तोंडाला लावला. मग चष्मा लावला.
बीज वृषणांत तयार होतं. वृषणं अंगाबाहेर पिशवीत का, तर त्यांना पोटातली ऊब चालत नाही, गारवा लागतो! थंडीत पिशवी आखडते, उन्हाळ्यात सैल सुटते. छप्पन वर्षांची झाले, संसार केला, लेक वाढवला, आणि हे आज कळतंय. भाजी करपली. करपू दे.

९ जाने.
आज पुढचं. बीज मागच्या गुंडाळलेल्या नळीत पिकतं. ती उलगडली तर कित्येक हात लांब. तिथून शुक्रवाहिनी वर पोटात चढते, लघवीच्या पिशवीला वळसा घालून खाली येते. वाटेत ग्रंथी आपापला रस घालतात, आणि रसच जास्त, बीज त्यात नावापुरतं.
आणि खरी गोष्ट. मिशी, आवाज, अंगातली रग, हे करणारं रसायनही वृषणांतच होतं, पण ते नळीनं जातच नाही. सरळ रक्तात!
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं.
मग चिमट्यानं खोंडाचं काय तुटलं? उद्या विचारते.

१० जाने.
आरोग्य उपकेंद्रात गेले. "सिस्टर, बैलाचं आणि माणसाचं एकच का?" सिस्टर हसल्या, मग खुर्ची पुढं ओढली. चिमट्यात सगळीच शीर चेंगरते, रक्ताची वाट तुटते, वृषण वाळतं, म्हणून रग जाते. नसबंदीत रक्ताच्या शिरेला हात लावत नाहीत. नळी तेवढी बांधतात. जागा बधिर करून, टाकाही नाही, त्याच दिवशी घरी.
पण लगेच बिनघोर नाही म्हणाल्या. पुढं गेलेलं बीज नळीत असतंच. तीन महिने जपायचं, मग तपासणी. हे मला सुचलंच नसतं.
१७ ला मिरजगावात नसबंदीचं शिबिर.
पायी आले, पाय जमिनीला लागत नव्हते. वाटेत सगळं ह्यांना सांगितलं, मनातल्या मनात. हे बापानं लेकाला सांगायचं. आईनं कसं...

१३ जाने.
सांगितलं! धारा काढताना. तो एका गायीखाली, मी दुसऱ्या, पाठीला पाठ.
"दत्ता, खोंडाची शीर चेंगरली हुती. मानसाची नळी बांधत्यात."
"आई! गप बस की."
"न्हाई बसत. ठिबकच्या नळीला बूच मारलं तर हीर आटती का?"
त्याची धार थांबली. "आन् ताकद?"
"ती रक्तातनं जाती. तिला नळी लागतच न्हाई."
"कोन म्हनतं?"
"पुस्तक म्हनतं. सिस्टर म्हनत्यात."
"आन् काका काय म्हनतील?"
"काका काय चड्डीत बघायला येनार हायेत?"
असा हसला की गाय बुजली, बादली लवंडली. सांडलेल्या दुधाचं पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.
हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

१४ जाने.
संक्रांत. बायका वाणाला गेल्या. मी पुस्तक घेऊन बसले.
भावजी तिळगूळ घेऊन आले, दत्ताला म्हणाले, "गोड बोल रं बैला." दत्तानं तिळगूळ तोंडात टाकला आणि उठून गेला. आता पुन्हा पहिल्यापासून...

१६ जाने.
जेवताना दत्तानं ताटाकडं बघत विचारलं, "किती दिस वजन उचलायचं नसतंय?"
"आठवडाभर तरी."
बस, एवढंच. कविताची भाकरी तव्यावर फुगून फुटली तरी ती माझ्याकडंच बघत होती.

१८ जाने.
काल दत्ता पेंड आणायला म्हणून मिरजगावला गेला. मोटरसायकल दारातच ठेवून, भाड्याच्या वडाप जीपनं. कविता दिवसभर दाराशी. दिवस मावळताना आला, रिकाम्या हातानं.
भावजी ओट्यावर होतेच. "काय रं, पेंड कुठाय?"
"संपली हुती, काका."
आणि हळूच भिंतीला टेकून बसला.  कवितानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.
आज पहाटे उठून चारही गायींच्या धारा मीच काढल्या.