कलम चार न वाचल्याबद्दल मिळणारे प्रशस्तिपत्र रद्द करणेबाबत

प्रति,
मा. औषध निरीक्षक,
औषध नियंत्रण कार्यालय.

विषय : पूरकाळात "नियमांचे काटेकोर पालन" केल्याबद्दल अर्जदारास जाहीर झालेले प्रशस्तिपत्र रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपत्कालीन औषधपुरवठ्याचे आपले परिपत्रक, कलम ४.

महोदय,

१. अर्जदार नोंदणीकृत फार्मासिस्ट असून त्याचे बाजारात औषधांचे दुकान आहे. आपत्कालीन परिस्थिती जाहीर झाली त्याच दिवशी आपल्या शिपायाने सदर परिपत्रक आणून दिले. अर्जदाराने पोचवहीत "वाचले व समजले" असे लिहून सही ठोकली आणि न वाचताच ते खिळ्याला अडकवले. गेली बावीस वर्षे तो असेच करीत आला आहे.

२. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवणकामवाल्या ताई गुडघाभर पाण्यातून फिटच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन आल्या. डॉक्टरांचा दवाखाना पाण्याखाली होता. अर्जदार म्हणाला, "ताई, चिठ्ठीशिवाय नाही देता येत. कायद्याने हात बांधलेत." चार गिऱ्हाइके ऐकत होती म्हणून तो जरा ऐटीतच म्हणाला, हेही नमूद करणे भाग आहे. त्यांपैकीच एकाने आपणास कौतुकाचे पत्र धाडले. पाणी ओसरल्यावर ताईंना कोळशाच्या इस्त्रीपाशी फिट आली व उजवा हात भाजला.

३. सोमवारच्या प्रशस्तिपत्र वितरण समारंभात कोणता नियम पाळला हे सांगता यावे, म्हणून अर्जदाराने परवा परिपत्रक प्रथमच वाचले. रिकामी पट्टी पाहून सात दिवसांची नेहमीची औषधे चिठ्ठीशिवाय द्यावीतच, असे कलम ४ म्हणते.

४. कबुली द्यायला अर्जदार तीनदा ताईंच्या दारी गेला. पण दर वेळी कबुलीऐवजी एक पँट आखूड करायला टाकून परतला. ताई डाव्या हाताने खुणा करतात, मुलगी शिवते. आता त्याच्या सगळ्या पँटी घोट्याच्या वर आहेत. उलट ताईच लोकांना सांगतात, "दादांची काय चूक? कायद्यापुढे ते तरी काय करणार?" हे ऐकून अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे होते.

५. सोमवारी ताई पहिल्या रांगेत बसणार आहेत. तरी प्रशस्तिपत्र रद्द व्हावे. ते छापून झाले असल्यास, कलम ४ ताईंसमोर माइकवर वाचण्याची लेखी आज्ञा अर्जदारास व्हावी. स्वतःहून ते त्याच्याने होणार नाही.

आपल्यासमोर मान वर न करू शकणारा,
अर्जदार
(सही)
दिनांक : गुरुवार, समारंभास चार दिवस बाकी

सोबत : फार्मासिस्ट नोंदणी प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत न मिळाल्यास तक्रार नाही.