पियानो आणि नकारघंटा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं तूर्त कागदावरच. पाठ धरली आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि भावोजींनी साखर सोडली की साखरेने भावोजींना, तेही कळव. आमचं छान चाललं आहे, असं तुझी भावजय शेजारून सांगते आहे, आणि ती सांगते ते मी लिहितो.

तुला माहीत आहे, ती चोवीस वर्षं शाळेत पियानो शिकवते, पण घरात स्वतःचा पियानो कधी नव्हता. येत्या परीक्षांनंतर ती निवृत्त होणार. म्हणजे शाळेच्या हॉलची किल्ली परत, आणि बोटं घरी बसणार. तेव्हा जुना का होईना, पण ग्रँड पियानोच घ्यायचा असं ठरलं. (ठरलं तेव्हा मी अंघोळ करत होतो.) आमच्या बजेटमध्ये नव्या ग्रँडसमोरचं स्टूल आलं असतं, तेही गादीशिवाय.

म्हणून शाळेचा पियानो सुरात लावायला येतात त्या ट्यूनरकाकांना बरोबर घेतलं. वय सत्तरीपुढे, बोलणं मोजकं, खिशात टॉर्च. मोटारीखाली मेकॅनिक शिरतो तसे ते आधी पियानोखाली उताणे पडतात. टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतो. तो मी. तीन रविवारांत माझ्या पाठीचं जे झालं ते असं झालं.

पहिला पियानो एका दातांच्या डॉक्टरांकडे होता, आरशासारखा चकचकीत. तुझी भावजय बघताक्षणी हरखली. खालून काकांचा आवाज आला, "पॉलिश गेल्या आठवड्यातलं आहे. तारा धरणाऱ्या खुंट्या सगळ्या सैल. आज सुरात लावला की उद्या उतरेल." डॉक्टरांचा चेहरा पडला. (त्यांना वाईट बातमी द्यायची सवय होती, ऐकायची नव्हती.) दुसरा होता एका बंद पडलेल्या हॉटेलात. कित्येक वर्षं त्यावर फुलदाण्या ठेवल्यामुळे पाणी आत मुरलेलं, आणि तारांमधून अकरा चमचे निघाले. काकांनी ते पुसून मालकाच्या हातात दिले. "चमचे चांगले आहेत," एवढाच त्यांचा अभिप्राय. तिसऱ्याबद्दल लिहीत नाही. त्याला वाळवी लागली होती आणि मी खाली होतो.

त्या दिवशी परतताना तुझी भावजय म्हणाली, "जाऊ दे. मला तशी काही गरज नाहीये." अगदी शांतपणे म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. काकांनाही ते कळलं असावं. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "वाटेत अजून एक आहे. पण तोही नकोच."

तळमजल्यावरचं घर. कुलूप काकांनीच उघडलं, तेव्हा मला वाटलं, मालक परगावी असतील. खोलीत सगळीकडे बांधलेली खोकी आणि मधोमध पियानो. आम्ही दोघं रीतसर खाली शिरलो. या वेळी त्यांना जास्त वेळ लागला. मग तिथूनच यादी सुरू झाली: तारांखालच्या फळीला चीर, बुजवलेली. सात खुंट्या सैल. वरच्या दोन पट्ट्यांच्या हातोड्या घरी बनवलेल्या. मधलं पेडल नुसतं शोभेचं.

"घेऊ नका," काका म्हणाले.

"मालक कोण आहेत?" मी विचारलं.

"मीच."

पुढच्या महिन्यात ते मुलीकडे राहायला जाणार होते. चौथा मजला, त्यांच्यासाठी एक खोली, पियानोसाठी भिंतसुद्धा नाही. हे सगळं त्यांनी पाठीवर पडूनच सांगितलं. तेवढ्यात तुझी भावजय वाजवायला बसली. काय वाजवलं ते मला विचारू नकोस. पण संपलं तेव्हा काका अजून खालीच होते, आणि टॉर्च मी केव्हाच बंद केला होता. शेवटी चष्मा पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "मधला एक सूर उतरलाय." लगेच तो चढवायला बसले.

मग सौदा. त्यांनी सांगितलेली किंमत आमच्या बजेटच्या निम्मी. ती म्हणाली, इतकी कमी चालणार नाही. ते म्हणाले, चीर आहे. ती म्हणाली, कानाला नाही ऐकू येत. त्यावर दुखावल्यासारखे होऊन त्यांनी किंमत आणखी उतरवली. गिऱ्हाईक चढवतंय आणि विकणारा उतरवतोय, असा सौदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. अखेर मध्ये पडून मी दोघांनाही सारखंच नाराज केलं, आणि पियानो घरी आला.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क.: काका दर रविवारी सूर लावायला येतात. काम दहा मिनिटांचं, जातात संध्याकाळी. मधल्या वेळात तेच वाजवतात. तुझी भावजय खुर्ची ओढून ऐकत बसते, आणि पट्ट्यांना हात लावायला तिला सोमवार उजाडावा लागतो.

आणखी एक, खरं तर पत्र यासाठीच: पियानो आत आला तेव्हा आमचा सोफा बाहेर गेला. तो बुधवारी तुझ्याकडे पोचेल. गाडीवाल्याला पत्ता देऊन झाला आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस. सोफा उत्तम आहे. फक्त डाव्या बाजूला कोणाला बसवू नकोस.