वीसपैकी चार

हिवरखेड,
ता. १४ सप्टेंबर २०२५

ती. मोतीराम भाऊस,
दुर्गाचा सप्रेम जयभीम वि. वि.

वीसपैकी चार! मेलेल्या बापावर पोरीनं दोन पानं लिहिली, अन् तू सख्खा मामा असून त्याले मार्क दिले. तेही लाल पेनानं. मास्तरकी सुटून सहा वर्षं झाली, पण तुझ्या खिशातला लाल पेन काई सुटला नाई. उद्या मी मेली तर माझ्या पुण्यानुमोदनात लोकं बोलतीन, त्यालेही मार्क देशील.

फोन मुद्दाम नाई केला. मी आवाज चढवला का तू रेंज नाई म्हणतोस अन् ठेवून देतोस. कागदाची रेंज जात नाई. मी चवथी शिकलेली, एवढं लिहाले तीन दिवस लागले. तवा पुरं वाच.

रश्मी पोळ्याले आली होती. ती अमरावतीले तुझ्याकडं परत गेली, अन् चुलीजवळच्या रद्दीत मले तिची वही दिसली. जाळाले ठेवली होती पोट्टीनं. विहारात वाचाचं मनोगत होतं ते. वर्षावासाचे तीन महिने रोज ग्रंथ वाचतात अन् शेवटच्या पौर्णिमेले गावातलं एक लेकरू सोताचं लिहिलेलं वाचते, ही चाल तूच पाडली. यंदा पाळी रश्मीची. विहाराचं काम पाहणाऱ्या सूर्यभानजीनं तिथल्या फळ्यावर नावही लिहिलं. आता ती म्हणे नाव काढा. अन् म्हणे कॉलेज सोडून घरी येते. फोनवर हो अन् नाई, याच्या पुढं शब्द नाई. भाऊ, मले भेव लागून राहिलं. तिचा बाप गेला तवाही ती इतकी चूप नव्हती.

तू खाली शेरा लिहिला, लेखन उपजत असावे लागते, ते येथे दिसत नाही. कुठं पाहिलं तू? जिथं आडवी रेघ मारली तिथंच तर होतं. हे घे, उतरून देते:

‘बाबा माझ्या पावलाच्या मापाची सुतळी खिशात घेऊन धारणीकडे रस्त्याच्या कामाला जायचे. परत येईपर्यंत पाऊल वाढलेलं असायचं. चप्पल दरवर्षी लहान निघायची, आणि मी दरवर्षी बरोबर झाली म्हणून सांगायची.’

बाजूले तुझं लिहिलेलं, चप्पल येथे अनावश्यक.

भाऊ, ती पोरगी चप्पल हातात धरून शाळेत जायची. बापानं इतक्या दुरून आणली अन् हिले किंमत नाई, म्हणून मी तिले झोडपत होती. चप्पल लहान होती हे मले आता कळलं, तुझ्या लाल रेघेखालून वाचताना. मी वही ठेवली अन् आंगणात जाऊन उभी राहिली. तुले मात्र अनावश्यक वाटलं.

लिखाण उपजत असते का करून करून येते, ते मले सांग. अन् पोरगी जेवते का, तेही लिही. वहिनीले जयभीम. लोभ कमी करू नको, राग मी करून राहिली तेवढा पुरे.

तुझी बहीण,
दुर्गा


अमरावती,
ता. १९ सप्टेंबर २०२५

चि. दुर्गा हिस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ओळी सरळ आल्या आहेत. एवढे म्हटले म्हणून भडकू नकोस, जुनी सवय आहे.

रश्मी कॉलेजला जाते, येते, खोलीत बसते. तुझी वहिनी सांगते की ताटात अर्धी भाकर तशीच राहते. ती समोर आली की मी पेपर उघडून धरतो. परवा तो उलटा धरला होता, असे वहिनी म्हणाली.

चौतीस वर्षे मी मुलांना निबंध शिकवला. आधी सुविचार, मग तीन मुद्दे, शेवटी बोध. रश्मीच्या वहीत यातले काहीच नव्हते. हात आपोआप लाल पेनाकडे गेला.

हे झाले सांगायचे कारण. खरे कारण माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. घरात सगळ्यांना वाटते, तीत शाळेचे कागद आहेत. तीत माझ्या कथा आहेत, निरनिराळ्या मासिकांकडून परत आलेल्या, एकेचाळीस. सराव कमी पडला असे मला कोणी म्हणू नये. रोज पहाटे उठून लिहिले आहे. म्हणून माझे मत झाले की हे उपजतच असते, आणि आपल्या घराण्यात ते आले नाही. पोरीची वर्षे माझ्यासारखी जाऊ नयेत म्हणून मी तसे लिहिले. निदान मी स्वतःला तसे समजावत होतो.

तुझ्या अक्षरात ते सुतळीचे वाक्य पुन्हा वाचले. माझ्या पेटीत असे एकही वाक्य नाही. रेघ मारताना हे मला कळले होते का, हे विचारू नकोस.

मास्तर चुकला असे मी वर्गात कधी म्हटले नाही, आता जीभ वळत नाही. तू आई आहेस, तूच तिची समजूत काढ. तब्येतीस जप.

तुझा भाऊ,
मोतीराम


अमरावती,
ता. २३ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
स. जयभीम वि. वि.

बोलवत नसेल तर लिहून पाठव म्हणालीस, म्हणून लिहिते. वही तू वाचलीस याची मला लाज वाटते. छान आहे असं तू फोनवर म्हणालीस, पण आई, तुला माझं सगळंच छान वाटतं.

मामांचं काही चुकलं नाही. सगळे नातेवाईक त्यांच्याकडून पत्रिका आणि अर्ज लिहून नेतात, त्यांना कळतंच. मी दोनदा नव्यानं लिहायला बसले. त्यांच्या पद्धतीनं सुविचार घातला, तीन मुद्दे काढले. पण त्यात बाबा आलेच नाहीत. आता वर्गात साधं टिपण काढतानाही वाटतं, कोणीतरी मागून बघतंय.

सूर्यभान काकांना नाव पुसायला सांग. पौर्णिमेला मी सामान घेऊनच येईन.

चपलेचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला सांगितलं असतं तर तू बाबांना बोलली असतीस.

तुझी,
रश्मी


हिवरखेड,
ता. २८ सप्टेंबर २०२५

ती. मोतीराम भाऊस,
जयभीम.

सूर्यभानजी दसऱ्यासाठी लेकीकडं अमरावतीले येऊन राहिले. त्यांच्या हाती हे पत्र अन् रश्मीची वही पाठवते. रश्मीचं पत्रही जोडलं. वाच, अन् पेपर आडवा धरू नको.

सामान घेऊन येते म्हणे. एकदा आली का परत जात नाई, मी वळखते तिले. मले जेवण गोड लागत नाई. बसचा आवाज आला का दारात जाऊन पाहते.

समजूत तू काढ म्हणतोस. काढून पाहिली. माझ्या छान म्हणण्याले किंमत नाई, भाऊ. मी आई, अन् वरून चवथी. तिले मास्तरचं लागते. रेघ तू मारली, मी पुसून पुसली जात नाई.

तुझा उपजतचा हिशेब मले समजत नाई. पयलं पत्र लिहाले मले तीन दिवस लागले, हे एका बैठकीत होऊन राहिलं. म्हणजे करून करून येते, हे मले दिसलं. पण ते सुतळीचं मले शंभर पत्रं लिहूनही सुचलं नसतं, हेही खरं. ज्वारीले बी लागते अन् डवरणीही लागते. तू डवराले गेला अन् तणासंगं पीकच खुरपून टाकलं. अन् एक इचारते. एकेचाळीस वेळा परत आलं तरी तू पुन्हा लिहाले बसला, मग पोरीले एका कागदातच काहून बसवलं?

आता ऐक. माळ्यावरची पेटी खाली काढ. तिच्यापुढं उघड. जे मले लिहिलं ते तिले तोंडानं सांग, जीभ वळत नसन तर पाणी पी अन् सांग. मग तिच्या वहीच्या कोऱ्या पानावर ते सुतळीचं वाक्य तुझ्या हातानं उतरव, निळ्या शाईनं, अन् खाली सही कर. मार्क देऊ नको. वीसपैकी वीसही देऊ नको.

फळ्यावरचं नाव पुसाले मी सूर्यभानजीले सांगितलं नाई. ऐकूनही ती नाई म्हणाली तर मी सोता पुसीन, जबरदस्ती करणार नाई. पण तुझं ऐकल्यावर.

सोमवारी सहा तारखेले पौर्णिमा. सूर्यभानजी शनिवारी चार तारखेले सकाळच्या गाडीनं परत निघतीन. तोंडी निरोप मी घेणार नाई, त्यांच्या हाती कागद पाहिजे. चार ओळी चालतीन, पण त्यातल्या वरच्या दोन रश्मीच्या हातच्या पाहिजे, विहारात वाचते का नाई ते.

माया आहे तशीच ठेव, अन् शनिवार चुकवू नको.

तुझी,
दुर्गा