करारनाम्याचं नववं पान

प्रिय ताई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार आणि मग तुला, कारण घरात सध्या त्यांचंच राज्य आहे असं भाऊजींकडून कळलं. शेक घेतेस ना? जिना दिवसातून एकदाच चढायचा हे डॉक्टरांचं म्हणणं ऐक, आणि त्या एकदाचे चार करू नकोस. भाऊजींचा खोकला गेला असेल. नात उंच झाली असेल. आणि तुझं शिवणाचं मशीन कसं आहे? त्याच्या खालचा तो ड्रॉवर, जो एकदा ओढला की परत आत जात नाही, अजून तसाच गच्च भरलेला आहे ना? असू दे. मागच्या भेटीत मी त्याला उकिरडा म्हणाले होते, ते शब्द मी मागे घेते. (शब्द मागे घ्यावा की नाही याबद्दल पुढे मला बरंच बोलायचं आहे, पण हे शब्द मागे घेण्याच्याच लायकीचे होते.) आपल्या मिशनच्या शाळेत सिस्टरनी तुझ्या खिशातून खडूचे एकवीस तुकडे काढून टेबलावर ओळीनं मांडले होते, आठवतं? मी ते दारातून पाहिलं आणि धावत घरी जाऊन आईला सांगितलं. तेही चुकलंच माझं. जी माणसं काही टाकत नाहीत त्यांची किंमत जगाला उशिरा कळते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस, आणि या गोष्टीचा मुद्दा जरा आत दडलेला आहे.

तर आमची बँक. गल्लीच्या टोकाचं ते दोन खोल्यांचं घर आम्ही अकरा वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलं, ते तुला माहीत आहेच. तू तेव्हा म्हणाली होतीस, राहायला एक घर असताना दुसरं कशाला. त्यावर हे म्हणाले होते, आपल्याला मुलं नाहीत, तर निदान भिंती तरी आपल्याला सांभाळतील. आणि सांभाळलं गं त्यांनी. तिथे पहिल्यापासून ती नर्स आणि तिचे वडील राहतात. तिच्या भाड्यातून हप्ता जातो, वर माझ्या औषधांपुरतं उरतं, आणि आणखी चार वर्षांत घर मोकळं होणार होतं. होणार होतं म्हणते, कारण मधे बँकेचं पत्र आलं. पत्राची सुरुवातच अशी, की आपल्या कर्जाचा व्याजदर वाढवला आहे हे कळवण्यास आम्हाला आनंद होतो. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आनंदच लिहिलं होतं.

वाढ होते, मला कळतं. दूध वाढतं, वीज वाढते, माझं स्वतःचं वजन वाढलं. पण कर्ज देताना याच बँकेनं शाखेच्या दारावर हातभर फलक लावला होता, की देशाच्या मध्यवर्ती बँकेचा जो दर असेल त्यावर आम्ही फक्त दीड टक्का घेऊ, आणि तोही कर्ज फिटेपर्यंत तेवढाच. आता मध्यवर्ती बँकेचा दर जिथे होता तिथेच बसला आहे, आणि आमच्या बँकेच्या दीडाचे साडेतीन झाले. का, तर व्यवसायाची गरज. म्हणजे दिलेला शब्द त्यांना महाग पडायला लागला, एवढंच. सिस्टर आपल्याला काय शिकवायच्या? शाईनं लिहिलेलं खोडता येतं, पण खोडलेलं दिसतं. या बँकेतल्या एकाही माणसाला सिस्टर लाभल्या नाहीत. नवा हप्ता भरायचा तर माझ्याकडे दोन वाटा, नर्सचं भाडं वाढवणं किंवा घर विकणं. (पहिल्या वाटेनं मी एक पाऊल टाकलं. त्याविषयी इथे नको.)

मी पत्र घेऊन बँकेत गेले, तर रांगेत माझ्यापुढे आपला डेंटिस्ट. त्याच्याही हातात तेच पत्र. तो इतका लाल झाला होता की मी त्याला बाकावर बसवलं. त्याची भाड्यानं दिलेली तीन घरं आहेत, तिन्ही याच कर्जावर. तो म्हणाला, “मी रोज लोकांचे दात उपटतो मॅडम, पण कळवण्यास आनंद होतो असं अजून कुणाला म्हणालो नाही.” त्याच बाकावर आमची समिती जन्माला आली. आठवड्याभरात तेवीस घरमालक जमले. तू हसशील, पण घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोट सुटलेला, किल्ल्यांचा जुडगा वाजवणारा माणूस येतो, आणि आमच्यात पोट फक्त बेकरीवालीला आहे, तेही तिच्याच मालामुळे. बाकी सगळी माझ्यासारखीच, एकेका गळक्या नळापायी झोप उडालेली. अध्यक्ष डेंटिस्ट झाला. तो प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही (सवय, समोरच्याचं तोंड नेहमी कापसानं भरलेलं). चिटणीस मला केलं, अक्षरासाठी. आपलं शाळेतलं अक्षर, ताई. पन्नास वर्षांनी त्याला कामाला लावलं.

बँकेच्या मॅनेजरबाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाल्या, कर्ज फिटेपर्यंत दीड असं आमच्या कुठल्याच करारात नाही, असेल तर दाखवा. डेंटिस्ट म्हणाला, नवव्या पानावर होतं. त्या म्हणाल्या, नववं पान दाखवा. आणि इथे आमच्यातल्या बावीस जणांची तोंडं उतरली. कारण आठ वर्षांपूर्वी बँकेनं सगळ्यांना बोलावलं होतं, जुना करार आणा, अटी त्याच, नवा घेऊन जा, आणि सोबत एक भिंतीवरचं घड्याळ भेट. लोकांनी हसत हसत जुने कागद दिले आणि घड्याळं घरी नेली. नव्या करारात नवव्या पानावरचं ते वाक्यच नाही. डेंटिस्टच्या दवाखान्यात ते घड्याळ अजून आहे आणि दहा मिनिटं मागे चालतं. बँकेकडच्या जुन्या प्रती म्हणे ओल लागून गेल्या.

फक्त मी गेले नव्हते. ह्यांचं ते शेवटचं आजारपण होतं, आणि मला घरात वेळ बघण्याचीच भीती वाटत होती, घड्याळ कुठून आणू. तेव्हा जुना करार असलेली तेवीस जणांतली मी एकटी. तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यानं सांगितलं आहे, छापील करार सगळ्यांचा एकच होता, तेव्हा सहीची एक मूळ प्रत पुढे आली तरी निकाल तेवीस जणांना लागू होईल. सुनावणी येत्या अठरा तारखेला. मग काय, मी उभी राहिले आणि भर सभेत सांगितलं, की मी आयुष्यात एकही कागद हरवलेला नाही, आमच्या शाळेची शिस्तच तशी होती. टाळ्या पडल्या. मला पन्नास वर्षांत कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, ताई. थोडी चढली मला.

परवा संध्याकाळी सगळे माझ्याकडे आले. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या, बेकरीवालीनं केक आणला, नर्स सुट्टीवर होती म्हणून चहा करायला आली. मी ह्यांच्या अक्षरात नाव घातलेली कर्जाची फाईल आणून डेंटिस्टच्या हातात दिली, त्यानं सात, आठ अशी पानं उलटली, नववं पान काढून दिव्यापुढे धरलं, आणि पानाच्या मधोमध मला डेंटिस्टचं नाक आणि एक डोळा दिसला. पान होतं. वर ‘सदर कर्जाचा व्याजदर’ होतं, खाली ‘अशी हमी बँक देत आहे’ होतं, आणि मधे, जिथे हमी असायची, तिथे भलंमोठं भोक. वर गोलाई, खाली सरळ. कात्री अगदी सफाईनं फिरली होती. डेंटिस्टनं भोकातून विचारलं, “हे काय आहे, मॅडम?”

“पफ बाही,” मी म्हणाले. “दोन वर्षांच्या मुलीची.”

सांगावंच लागलं सगळं. त्या आजारपणात मी ह्यांच्या उशाशी बसून एक फ्रॉक शिवत होते. पुढचा आणि मागचा भाग वर्तमानपत्रातून कापला, पण पफ बाहीला जाड कागद लागतो, पुन्हा पुन्हा आखायची असते. ह्यांनीच फाईल मागून घेतली, पडल्या पडल्या एक पान काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, “हे घे, जाड आहे. बँकेच्या कागदाचं नववं पान कोण वाचतं?” त्या महिन्यात ते हसलेले मला तेवढेच आठवतात. उरलेलं पान मी परत फाईलमध्ये लावलं, आणि त्यातून काय कापलं गेलं हे कधी पाहिलंच नाही. आता यासाठी मी त्यांच्यावर चिडू का? मी बँकेवरच चिडते. तेवढ्यात बेकरीवालीनं केकची सुरी खाली ठेवून विचारलं: शिलाईसाठी कडेला बोटभर जागा जास्त धरून कापली आहे का? तसं असेल तर बाहीच्या कडेचे शब्दही शाबूत असतील. ती बाई शिवणातली आहे. मग तिनं विचारलं, बाही कुठे आहे, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी त्यांना जे उत्तर दिलं त्याला मी बांधलेली आहे.

असो. बाकी सगळं ठीक. गच्चीवरची दोरी तुटली, नवी बांधली. तुझी फार आठवण येते. तू गुडघ्यांची काळजी घे. मला बोलायला कुणी हवं असतं म्हणून एवढं लिहिलं, दुसरं काही कारण नाही.

तुझी, चहाडी करणारी पण प्रेमळ,
धाकटी

ता. क. मशीनचा ड्रॉवर आजच्या आज उघड. फ्रॉक नातीला पाठवला तेव्हा तू मापाचे कागद मागितले होतेस, आणि मी ते खाकी पाकिटात घालून पोस्टानं पाठवले होते. त्यात बाही आहे. सभेला मी सांगितलं, की कागद माझ्या ताईकडे आहे आणि ताई काहीही टाकत नाही. बाहीला इस्त्री करू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस, टाचण्या असतील तर त्या तशाच असू दे. भाऊजींच्या हातीच पाठव, आणि त्यांनी ती खिशात घडी करून ठेवू नये. अठरा तारखेच्या आत. तेवीस जणांची घरं तुझ्या उकिरड्यात आहेत.

ता. ता. क. एक गोष्ट लपवली. बँकेचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी नर्सला भाडेवाढीची नोटीस दिली होती, सुरेख अक्षरात, चांगल्या कागदावर. परवा सगळे गेल्यावर तिनं कपबशा विसळल्या, हात पुसले आणि पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातलं एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. माझंच अक्षर. ती ड्यूटी संपवून ह्यांच्याजवळ रात्री बसायची, पैसे घ्यायची नाही, तेव्हा मी लिहून दिलं होतं, की हे घर माझं आहे तोवर तुमचं भाडं वाढणार नाही. मी साफ विसरले होते. विसरले होते असं मी तिलाही म्हणाले, आणि म्हणताना मला मॅनेजरबाईंचाच आवाज ऐकू आला. ती एवढंच म्हणाली, “काकू, माझं एकच पान आहे. पण ते पूर्ण आहे.” मी नोटीस परत घेतली आहे. म्हणजे आता बाही सापडली तर घर, नाही तर नाही.

नोटिशीचा कागद छान जाड आहे. त्याची कॉलर चांगली होईल. नातीचं आताचं माप कळव.