आबांच्या नावाची प्रार्थना

आई, तुला लिहायचं म्हणून वही घेऊन चारदा बसलो आणि चारदा उठलो. एकदा कापूरहोळला टायरवाल्याच्या बाकड्यावर सुरुवात केली, तर शेजारच्या ढाब्यावर दोन ड्रायव्हरांचं भांडण लागलं, चहाच्या कपावरून, आणि मी ते शेवटपर्यंत बघत बसलो. एकदा पेनच चालेना. खरं म्हणजे पेन चालत होतं. जे केलंय ते तुला सांगायला तोंड नव्हतं. तुला जाऊन सहा वर्षं होतील. आबा घर सोडून गेलेत त्याला तीन आठवडे झाले, आणि ते माझ्यामुळं गेलेत.

तुझी सकाळची रीत अजून डोळ्यापुढं आहे. चुलीपुढं बसून तू भाकरी थापतीस आणि एकेका भाकरीला एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतीस. जो ती खाणार, त्याची. पहिली आबांची. "प्रभू, ह्यांना तुझ्या दारापातुर आणलंय, आता आत घे." आबा अंगणात दाढी करत असतात, तिथूनच म्हणतात, "माझ्या नावापायी भाकर करपली तर तुझा प्रभू खाणार हाय का?" तूही हसतीस. मग ताईची, मग माझी. माझ्यासाठी तुला लई मागायचं असायचं, म्हणून माझी भाकरी कायम जरा कडक. एकदा ताईनं माझ्या गोट्या लपवल्या, तर मी जेवायच्या आधी मोठ्यानं प्रार्थना केली, "देवा, ताईला चोरी सोडायला लाव." तू पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवलास. "चुगली देवाकडं केली तरी चुगलीच असती. तिच्यासाठी माग, तिच्या नावानं वरडू नको." माझ्या जिभेला पीठ लागलं होतं. मला तेवढंच लक्षात राहिलं.

आबा दर रविवारी तुला गाडीवरून चर्चला सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली थांबायचे. पाळकांनी आत बोलावलं की म्हणायचे, "मी हितंच बरा. चपला कोण राखणार?" त्यांचे थोरले भाऊ, मार्गासनीचे नाना, तू येशूच्या मागं गेलीस तेव्हापासून आपल्या घराचा उंबरा चढले नाहीत. आबांनी त्यांचंही ऐकलं नाही आणि तुझंही नाही. तू गेल्यावरही त्यांनी रविवार सोडला नाही. मी कधी टेम्पोवर, कधी हॉटेलात, कुठं टिकतच नाही. पण घरी असलो की ते मला चर्चला सोडायचे आणि त्याच चिंचेखाली उभे राहायचे.

त्या शनिवारी आमचं वाजलं होतं. मी त्यांना म्हणालो, आता तरी आत या. ते म्हणाले, "धा दिस कुठल्या कामाव टिकत न्हाईस, आन् मला देव शिकवतोस व्हय?" ते डोक्यात घेऊनच मी रविवारी बसलो. पाळकांनी सांगितलं, ज्याला जे मागायचंय त्यानं मोठ्यानं मागा. मी उभा राहिलो, डोळे घट्ट मिटले आणि म्हणालो, "प्रभू, माझ्या बापाचं काळीज दगडाचं हाय. आई मरत होती तवाबी त्यानं तुझ्यापुढं गुडघा टेकला न्हाई. त्याला मोड." सगळे आमेन म्हणाले. मला बरं वाटलं, आई. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. डोळे उघडले तर लोक दाराकडं बघत होते. आबा दाराच्या आत उभे होते. धुतलेला शर्ट, टोपी हातात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आत आले होते. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेले. मी घरी पोचलो तर गाडी अंगणात, किल्ली खिळ्याला, आणि त्यांची पिशवी नाही. एसटीनं नानांकडं गेले.

किकवीहून ताईचा फोन आला. "आईनं त्यांना दारापातुर आणायला सगळा जलम घातला, आन् तू एका दमात भाईर काढलंस."

"मी प्रार्थनाच केली."

"प्रार्थना? चारचौघांत उभं करून पंचाईत भरवलीस त्यांची."

दोनदा मार्गासनीला निघालो. एकदा अर्ध्या वाटेवरूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा गोठ्यापर्यंत पोचलो. आबा धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मोडलाय का न्हाई, बघाय आलास?" नाना दारातून म्हणाले, "तो आता हितंच ऱ्हाणार. तुमच्या देवाला सांग तसं." मी आलो तसा निघालो. आबा आता कायमचे बाहेर राहिले, तर तू त्यांच्यासाठी जे मागत आलीस ते मी बुडवलं, एवढं मला कळतं.

एक सांगायचं राहिलं. ताईला मी म्हणतो, रोज आबांसाठी मागतो. मागत नाही. त्या रविवारपासून मला प्रार्थनाच करता आलेली नाही. डोळे मिटले की ते दार दिसतं. हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहू शकलो.

थांब, कोणीतरी हाक मारतंय. नाना आलेत. आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिलेत, घाम पुसतायत. पाणी देतो म्हटलं तर नको म्हणाले. म्हणतायत, "तुझा बाप स्टँडवर बसलाय. म्या म्हनलं, चल घरी, तर म्हनतो, आधी पोराला इचारून ये, आलेलं चालंल का."